जिना उलटा उतरणारे गृहस्थ : विल्यम बँटिंग आणि त्यांचं वजन

१८६२ साली लंडनमध्ये पासष्ट वर्षांचे एक गृहस्थ जिना उलटे उतरायचे. तोंड पायऱ्यांकडे, पाठ खालच्या बाजूला आणि एकेक पाऊल मागे टाकत. सरळ उतरलं की घोट्यांना आणि गुडघ्यांना बसणारा हिसका सहन होत नसे. चढताना धाप लागे. बुटाची नाडी स्वतःची स्वतःला बांधता येत नसे. बेंबीजवळ हर्निया झाला होता, त्यासाठी पट्टा लावावा लागे आणि गुडघ्यांनाही पट्ट्या बांधलेल्या असत. नजर कमी होत होती आणि आता ऐकायलाही कमी येऊ लागलं होतं.

त्यांचं नाव विल्यम बँटिंग. इन्सुलिनच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते फ्रेडरिक बँटिंग वेगळे, त्यांचा काळही बराच नंतरचा.

हे वर्णन वाचताना तुम्हाला घरातलं कोणी आठवलं असेल. माझ्या दवाखान्यात असे पेशंट रोज येतात. गुडघे दुखतात म्हणून येतात, धाप लागते म्हणून येतात, बीपीची गोळी संपली म्हणून येतात. वजनासाठी म्हणून फार थोडे येतात. वजनाचा विषय काढला की चेहरा पडतो, कारण आता आपल्याला बोलणी बसणार हे त्यांना माहीत असतं. बँटिंग यांनाही ते चांगलं माहीत होतं. सार्वजनिक ठिकाणी, गाडीत बसताना लोक आपल्याकडे बघून हसतात, शेरे मारतात, म्हणून त्यांनी चारचौघांत जाणं कमी केलं होतं.

तशी त्यांना समाजात प्रतिष्ठा होती. अंत्यविधीची सगळी व्यवस्था पाहणं, शवपेट्या तयार करवून घेणं हा घरचा व्यवसाय होता आणि त्यात त्यांच्या घराण्याचं मोठं नाव होतं. इंग्लंडच्या राजघराण्यातले अंत्यविधी त्यांच्याकडे असत. १८५२ मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची अंत्ययात्रा निघाली, त्या कामातही बँटिंग यांची पेढी होती. म्हणजे हा माणूस आळशी नव्हता, अडाणी नव्हता आणि पैशालाही कमी नव्हता. वजन वाढलेला माणूस आळशी असतो असं तुमच्या मनात कुठेतरी असेल, तर ते आधी बाजूला ठेवा.

वीस-पंचवीस वर्षांचे प्रयत्न

बँटिंग यांचा जन्म डिसेंबर १७९६ चा. आईकडे किंवा वडिलांकडे कोणीही लठ्ठ नव्हतं. तरुणपणापासून त्यांना लठ्ठपणाची धास्तीच होती. तिशी ओलांडल्यावर अंगावर मांस चढायला लागलं तसे ते लगेच एका नावाजलेल्या सर्जनकडे गेले. ते त्यांचे स्नेहीही होते. त्यांनी सल्ला दिला, व्यायाम वाढवा, सकाळी नाव वल्हवा.

बँटिंग नदीजवळच राहत होते आणि हाताशी एक चांगली भक्कम नाव होती. रोज पहाटे दोन-दोन तास ते वल्हवू लागले. दंड भरले, ताकद आली आणि त्याबरोबर अशी सडकून भूक लागायला लागली की पोटभर खाल्ल्याशिवाय राहवेना. वजन आणखी वाढलं. शेवटी त्याच स्नेह्यांनी नाव बंद करायला सांगितलं.

पुढे त्यांनी घोडेस्वारी केली, समुद्राची हवा खाल्ली, चेल्टनहॅम आणि हॅरोगेट अशा ठिकाणी जाऊन तिथलं औषधी मानलेलं पाणी प्यायले. औषधं किती घेतली त्याला गणती नाही. तुर्की हमाम घेतले, म्हणजे गरम वाफेत बसून घाम काढायचा. पुष्कळ वेळा जाऊनही वजन घटलं फक्त ६ पौंड, म्हणजे पावणेतीन किलो, आणि वर अशक्तपणा आला.

आज स्टीम बाथ, घाम काढणारे कमरेचे पट्टे, पोट कमी करणारा काढा अशा जाहिराती मोबाइलवर दिसल्या तर हे ६ पौंड आठवा. घामातून जातं ते पाणी. तुम्ही घरी येऊन दोन ग्लास पाणी प्यायलात की ते परत येतं.

एका मोठ्या डॉक्टरांनी तर त्यांना सांगितलं की वयाबरोबर वजन वाढणं अगदी स्वाभाविक आहे, आपलं स्वतःचंही तरुणपणापासून दरवर्षी एक पौंड वाढत आलं आहे. हे वाक्य आजही घराघरात ऐकू येतं. वय झालं, आता थोडं सुटणारच. वर्षाला एक पौंड म्हणजे साधारण साडेचारशे ग्रॅम. एवढा फरक पॅन्टच्या पट्ट्यालाही कळत नाही. पण पंचवीस वर्षांत ते अकरा किलो होतात. वजन बहुतेकांचं असंच वाढतं, कोणत्याही एका वर्षी ते लक्षात येण्याइतकं वाढत नाही. म्हणून घरात वजनकाटा असेल तर आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी उठल्यावर वजन करून कॅलेंडरवर लिहून ठेवा. रोज करू नका. मीठ, पाणी, पोट साफ न होणं, पाळी यामुळे किलो-दीड किलो इकडेतिकडे होतं आणि उगाच मन खट्टू होतं.

कानाचे दोन डॉक्टर

ऐकू कमी येऊ लागलं तेव्हा बँटिंग कानाच्या एका प्रसिद्ध डॉक्टरकडे गेले. त्यांनी कान पाहिले, आतून पुसले, बाहेरून औषध लावून फोड आणला. तेव्हा असे उपचार चालत. तब्येतीची बाकी काही चौकशी केली नाही आणि पेशंटला सांगायला वेळही दिला नाही. फरक शून्य. थोड्याच दिवसांत हे डॉक्टर वार्षिक सुटीवर गेले आणि बँटिंग यांना दुसरा डॉक्टर शोधावा लागला. ती सुटी आपल्यासाठी वरदान ठरली असं त्यांनी पुढे नमूद केलं आहे.

दुसरे डॉक्टर होते विल्यम हार्वी. (शरीरात रक्त कसं फिरतं हे ज्यांनी दाखवलं ते विल्यम हार्वी दोनशे वर्षं आधीचे. या गोष्टीत नावांचे घोटाळे फार आहेत.) हार्वीही कानाचेच सर्जन, पण त्यांनी पेशंटकडे पूर्ण पाहिलं. तुमच्या बहुतेक तक्रारींचं मूळ वजनात आहे, असं स्पष्ट सांगितलं. गळ्याच्या आत साठलेल्या चरबीचा कानाच्या नळीवर दाब येतो, असा त्यांचा कयास होता. वजन उतरल्यावर बँटिंग यांचं ऐकणं खरोखर सुधारलं. पण कमी ऐकू येण्याची कारणं पुष्कळ असतात, तेव्हा कानासाठी कानाच्या डॉक्टरांकडेच जा.

इथे मला स्वतःबद्दल सांगायला हवं. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत मी त्या पहिल्या डॉक्टरसारखीच होते. पन्नाशीच्या एक बाई गुडघ्यांसाठी यायच्या. मी गुडघा दाबून बघायचे, वेदनाशामक गोळी लिहायचे आणि चिठ्ठी हातात देताना म्हणायचे, वजन कमी करा हं. एवढंच. कसं करायचं, घरात स्वयंपाक कोण करतं, चहा किती होतो, रात्री झोप लागते का, हे कधी विचारलं नाही. तीन-चार वेळा आल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. मला वाटलं, गुण आला असेल.

काय बंद केलं, काय सुरू केलं

बँटिंग यांचं आधीचं खाणं बघा. सकाळी दूध-पाव, नाहीतर भरपूर दूधसाखरेचा चहा आणि लोणी लावलेला टोस्ट. दुपारच्या जेवणात मांस, बिअर, पुष्कळ पाव आणि पेस्ट्री. संध्याकाळी पुन्हा सकाळसारखं. रात्री फळांचा गोड टार्ट नाहीतर दूध-पाव. यात अधाशीपणाचं काही नाही. साधं, घरगुती, चार जण खातात तसं खाणं आहे. पाव त्यांना मनापासून आवडायचा.

हार्वी यांनी पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटे या गोष्टी शक्य तितक्या बंद करायला सांगितल्या. बँटिंग यांना आश्चर्यच वाटलं, कारण आजवर याच वस्तू निरुपद्रवी म्हणून ते निर्धास्त खात होते.

नवीन खाणं दिवसातून चार वेळा होतं. सकाळी मांस किंवा मासे, बिनदूधसाखरेचा चहा आणि पावाचा एक छोटा कोरडा तुकडा. दुपारी मासे किंवा मांस, बटाटा सोडून कोणतीही भाजी, पुन्हा एक औंस टोस्ट आणि थोडं फळ. संध्याकाळी फळ, एखादा रस्क आणि कोरा चहा. रात्री मांस किंवा मासे. मांसातून डुकराचं मांस वगळलं होतं, माशांतून सॅमन. वाइन मात्र दुपारी दोन-तीन ग्लास आणि रात्री एक-दोन ग्लास चालू होती. वर झोपताना हवी तर आणखी थोडी दारू.

दारूचा हा भाग वाचून काही जण खूश होतील, म्हणून लगेच सांगते. आज कोणताही डॉक्टर हे प्रमाण लिहून देणार नाही. त्यांचं वजन वाइनमुळे उतरलं नाही, वाइन चालू असूनही उतरलं.

हार्वी यांना ही कल्पना पॅरिसमधल्या व्याख्यानांवरून सुचली होती. क्लोद बर्नार यांनी यकृत, म्हणजे लिव्हर, स्वतः साखर तयार करतं हे दाखवलं होतं आणि मधुमेहात आहाराचा काय संबंध येतो यावर ते बोलत. साखर आणि पिठूळ पदार्थ कमी केले तर मधुमेहाला आवर बसतो. गुरं पुष्ट करायची तर त्यांना असंच पिठूळ, गोडसर खाद्य देतात. मग हेच पदार्थ कमी केले तर माणसाची चरबी का घटू नये, असा त्यांचा विचार होता.

त्यांची सगळी उपपत्ती आज टिकत नाही. पण पथ्य लागू का पडलं हे समजायला सोपं आहे. पाव, लोणी, साखर, बिअर आणि पेस्ट्री मिळून दिवसाच्या बऱ्याच कॅलरी पोटात जात होत्या आणि भूक मात्र लवकर परत येत होती. त्यांच्या जागी प्रथिनं आली, म्हणजे प्रोटीन. प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. त्यामुळे उपाशी न राहता एकूण खाणं आपोआप कमी झालं. नाव वल्हवताना नेमकं उलटं होत होतं. ऊर्जा खर्च व्हायची आणि भूक ती व्याजासकट वसूल करायची.

याचा अर्थ व्यायाम फुकट असा घेऊ नका. नुसत्या व्यायामाने वजन फार उतरत नाही हे खरं आहे. पण उतरलेलं वजन तिथेच राखायला, स्नायू टिकवायला आणि बीपी-शुगर ताब्यात ठेवायला तो लागतोच. आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं, म्हणजे पाच दिवस अर्धा-अर्धा तास. पन्नाशीनंतर दोन दिवस ताकदीचे व्यायामही हवेत. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं यापासून सुरुवात करा.

२०२ ते १५६

मला बँटिंग यांच्या गोष्टीत सगळ्यात मोलाचा वाटतो तो त्यांचा तक्ता. २६ ऑगस्ट १८६२ रोजी वजन २०२ पौंड, म्हणजे साडेएक्याण्णव किलो. उंची ५ फूट ५ इंच. बीएमआय काढला तर साडेतेहतीसच्या आसपास येतो. आपल्याकडे २३ च्या वर जास्त वजन आणि २५ च्या वर लठ्ठपणा धरतात, कारण भारतीयांना कमी बीएमआयलाही मधुमेह आणि हृदयविकार गाठतात. कंबर पुरुषांची ९० आणि स्त्रियांची ८० सेंटिमीटरच्या आत हवी.

पुढे वर्षभर त्यांनी साधारण तीन-तीन आठवड्यांनी वजनाची नोंद केली. बहुतेक वेळा घट २ ते ४ पौंडांची. नाताळच्या आदल्या दिवशी १८४. त्यानंतर मार्चपर्यंत तर तीन आठवड्यांना जेमतेम २ पौंड, म्हणजे एक किलोसुद्धा नाही. इथेच तुमच्या-माझ्यातले बरेच जण सोडून देतात. महिनाभर गोड बंद केलं आणि काटा फक्त सव्वा किलोने हलला, मग उपयोग काय, असं म्हणतात. बँटिंग यांनी काहीच बदललं नाही, तेच जेवत राहिले. १८६३ च्या ऑगस्टअखेरीस वजन १५६ पौंड होतं, १२ सप्टेंबरलाही १५६. एका वर्षात ४६ पौंड म्हणजे जवळजवळ २१ किलो उतरले आणि कंबरेचा घेर सव्वाबारा इंचांनी कमी झाला. सरासरी काढली तर आठवड्याला चारशे ग्रॅम.

त्यांचा बीएमआय तेव्हाही २६ होता. म्हणजे आजच्या भारतीय तक्त्यात ते पास झालेच नसते. पण ते जिना सरळ उतरत होते, नाडी स्वतः बांधत होते, पट्ट्या सुटल्या होत्या. एकूण वजनाच्या पाच ते दहा टक्के वजन उतरलं तरी बीपी, शुगर आणि लिव्हरवरची चरबी यात फरक दिसतो. ऐंशी किलोच्या माणसाला ते चार ते आठ किलो. गुडघ्याचं गणित तर आणखी उत्साह देणारं आहे. एक किलो वजन उतरलं की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने कमी होतो. लग्नातल्या फोटोइतकं बारीक व्हायचं असं मनात धरून बसू नका.

पुस्तिका आणि टीका

१८६३ मध्ये बँटिंग यांनी आपला अनुभव एका छोट्या पुस्तिकेत छापला. जनतेला लिहिलेलं पत्र असं तिचं स्वरूप होतं. पहिल्या प्रती स्वखर्चाने छापून फुकट वाटल्या. मागणी इतकी वाढली की पुढे विकावी लागली, तेव्हा नफा धर्मादाय कामांना दिला. भाषांतरं झाली. त्यांच्या आडनावावरून इंग्रजीत पथ्याने वजन कमी करण्यासाठी एक क्रियापदच तयार झालं. स्वीडिश भाषेत तर डाएट करण्याला आजही बांता म्हणतात.

डॉक्टरमंडळी मात्र नाराज झाली. वैद्यकीय शिक्षण नसलेला माणूस सल्ले देतो याचा राग आला. काहींचं म्हणणं होतं की यात नवीन काहीच नाही, तर काहींना इतकं मांस धोक्याचं वाटलं. टीकेत थोडं तथ्य होतंच. एका माणसाला लागू पडलेलं पथ्य सगळ्यांना लागू पडेलच असं नाही. व्हॉट्सअॅपवर आलेला प्रत्येक डाएट प्लॅन याच दोषाचा असतो. पण बँटिंग यांनी एक गोष्ट प्रामाणिकपणे केली, जी असे प्लॅन विकणारे करत नाहीत. ते वर्षानुवर्षं नोंदी ठेवत राहिले आणि नंतरच्या आवृत्तींत वजन परत चढलं नसल्याचं कळवत राहिले. मधे साखर पुन्हा थोडी घेऊन पाहिली, तर काटा वर गेला. तेही लिहिलं.

त्यांचं पथ्य काही महिन्यांचा कोर्स नव्हता. १६ मार्च १८७८ रोजी, वयाच्या ८१ व्या वर्षी ते गेले. पथ्य सुरू केल्यावर पंधरा वर्षांहून जास्त जगले.

मराठी ताटात हे कसं बसवायचं

लो-कार्ब चांगलं की लो-फॅट, असं मला पेशंट विचारतात. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने सहाशेहून अधिक लोकांना दोन गटांत विभागून हेच पाहिलं. वर्षअखेर एका गटाचं सरासरी ५.३ किलो उतरलं आणि दुसऱ्याचं ६ किलो. फरक नगण्य. पण प्रत्येक गटात काहींचं वीस-पंचवीस किलो उतरलं, तर काहींचं वाढलं. तुमच्या घरात, तुमच्या खर्चात, सणवार सांभाळून जे पथ्य तुम्ही पाच वर्षं पाळू शकाल ते तुमचं पथ्य.

बँटिंग यांचं ताट उचलून आणायची गरज नाही. त्यांचा प्रश्न मात्र उचला. आपण कोणती गोष्ट निरुपद्रवी समजून रोज खातो? आमच्याकडे उत्तर बहुतेक वेळा चहात सापडतं. दिवसाला पाच कप आणि कपाला दोन चमचे साखर धरली तर दहा चमचे, म्हणजे चाळीस ते पन्नास ग्रॅम साखर. दिवसाला पंचवीस ग्रॅमच्या आत राहणं उत्तम. वर प्रत्येक कपाबरोबर दोन बिस्किटं किंवा खारी. हे कोणी जेवणात धरतच नाही. एकदम बिनसाखरेचा चहा जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा, जीभ सवय लावून घेते.

दुसरी जागा म्हणजे ताटातली वाटणी. भात, पोळी, बटाट्याची भाजी आणि पातळ वरण हे ताट पोटभर दिसतं, पण त्यात प्रथिनं फार कमी आहेत. पोळी किंवा भाकरी ठेवा, भात अर्धी वाटी करा आणि उसळ चमचाभर वाढायची नसते, वाटीभर खायची असते. घट्ट वरण, दही, ताक, अंडं, मासे यांतलं जे तुमच्या घरात चालतं ते प्रत्येक जेवणात यावं. कोशिंबीर तोंडी लावण्यापुरती नको, ताटाचा मोठा भाग व्हावी. उपवासाचं तर काय सांगावं. साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाणे, तूप. एकादशीला काटा वर जातो तो उगाच नाही.

घरच्यांसाठीही एक सांगणं आहे. वेगळं पथ्याचं जेवण एकट्याच्या ताटात वाढू नका. घरात फरसाण आणून डबा वरच्या फळीवर ठेवायचा आणि आईला सांगायचं तू खाऊ नकोस, हे चालत नाही. आणि वजनावरून चेष्टा करू नका. लाज वाटली की माणूस लपून खातो आणि दवाखान्यात येणं टाळतो.

काही जणांनी मात्र स्वतःहून सुरुवात करू नये. मधुमेहाच्या काही गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी एकदम कमी केली तर शुगर धोकादायकरीत्या उतरू शकते, आधी डोस बदलावा लागतो. किडनीचा आजार असेल तर प्रथिनं किती घ्यायची हे डॉक्टरांनी ठरवावं. गरोदरपणात वजन कमी करण्याचं पथ्य नको. थायरॉइडचा त्रास, स्टेरॉइड, मानसिक आजारावरची काही औषधं यांनीही वजन वाढतं, म्हणून औषधांची पिशवी सोबत आणा. औषध मात्र स्वतःहून बंद करू नका. रात्री जोरात घोरणं आणि दिवसा डुलक्या येणं असेल तर तेही सांगा. काहींना वजन कमी करण्याची औषधं किंवा शस्त्रक्रिया लागते, त्यात कमीपणा काही नाही. आणि प्रयत्न न करता वजन उतरत असेल, सहा महिने ते वर्षभरात पाच टक्क्यांहून जास्त, तर आनंद मानू नका, तपासणी करून घ्या.

गुडघ्याच्या त्या बाई काही वर्षांनी परत आल्या, त्या नातवाला ताप आला म्हणून. माझ्या दवाखान्याला तीन पायऱ्या आहेत. निघताना त्या कठडा धरून, माझ्याकडे तोंड करून, उलट्या उतरल्या. मी त्यांना परत बोलावून बसवलं आणि पहिल्यांदा विचारलं, दिवसभरात काय काय खाणं होतं. अर्धा तास गेला, बाहेर पेशंट खोळंबले. दहा महिन्यांत त्यांचं सहा किलो उतरलं. बीपीची गोळी अजून चालू आहे. दिवाळीनंतर वजन पाऊण किलोने वाढलेलं होतं, ते त्यांनी स्वतःच आधी सांगितलं. पुढच्या महिन्यात पुन्हा बोलावलं आहे.